भट्टी विझताना सुटणारे सुसाट इलेक्ट्रॉन

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या कलहॅम इथं 'जेट' नावाचं फ्यूजन यंत्र, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याचं प्रायोगिक यंत्र, 1983 ते 2023 अशी चाळीस वर्षं चाललं. 2024च्या फेब्रुवारीत त्याच्या शेवटच्या विक्रमाची बातमी जगभर झळकली: अवघ्या 0.2 मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत 69 मेगाज्यूल ऊर्जा. त्याच यंत्रावर डिसेंबर 2023मध्ये, ते कायमचं बंद करण्याच्या वेळी, आणखी एक प्रयोग झाला. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन शास्त्रज्ञांनी मुद्दामच यंत्राच्या आतल्या भिंतीवर आदळवले. ज्या माऱ्यापासून ती भिंत वर्षानुवर्षं जपली, तोच मारा आता जाणूनबुजून करायचा होता. यंत्र मोडीत निघणारच होतं, तेव्हा भिंतीची नेमकी काय अवस्था होते हे पाहून घेण्याची एवढी चांगली संधी पुन्हा कुठून मिळणार?

मला तो विक्रमाइतकाच महत्त्वाचा प्रयोग वाटतो. फ्यूजनच्या बातम्या तापमानाच्या आणि मेगाज्यूलच्या आकड्यांवर थांबतात. पण वीजघर म्हणून असं यंत्र चालवायचं, तर ते पेटतं कसं याच्याइतकंच ते अचानक विझतं तेव्हा काय होतं, हेही कळायला हवं. आणि तिथंच हे सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉन आडवे येतात. शास्त्रीय भाषेत यांना 'रनअवे इलेक्ट्रॉन' म्हणतात.

आधी यंत्राबद्दल थोडं

जेट हे टोकामॅक जातीचं यंत्र. टोकामॅक म्हणजे धातूची एक मोठी कंकणाकृती पोकळी, आतून हवा काढून निर्वात केलेली. त्यात हायड्रोजनचीच जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, अगदी थोड्या प्रमाणात सोडतात आणि इतकी तापवतात की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा झाला प्लाझ्मा. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथं उभारणी चालू असलेल्या 'इटर' या महाकाय टोकामॅकमध्ये प्लाझ्माचं तापमान 15 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं आहे. एवढ्या उष्णतेला टिकेल असं भांडं अस्तित्वात नाही. म्हणून प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रानं अधांतरी धरून ठेवतात, भिंतीला शक्यतो शिवू देत नाहीत.

बाहेरच्या चुंबकांनी मात्र सगळं भागत नाही. टोकामॅकमध्ये खुद्द प्लाझ्मातूनच, कंकणाच्या घेराभोवती, प्रचंड विद्युतप्रवाह वाहवावा लागतो. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राला जोडून पीळदार पिंजरा पुरा करतं. इटरमध्ये हा प्रवाह दीड कोटी अँपिअर, म्हणजे 15 मेगाअँपिअर असेल. पुढे जे काही घडतं त्याचं मूळ या आकड्यात आहे.

कारण हा पिंजरा कधी कधी मोडतो. वायूची घनता मर्यादेबाहेर जाते, भिंतीवरचा एखादा टंगस्टनचा कपचा प्लाझ्मात पडतो, नियंत्रण यंत्रणा क्षणभर चुकते. कारणं अनेक आहेत. प्लाझ्माचा तोल ढळतो आणि काही मिलिसेकंदांत सगळी उष्णता बाहेर फेकली जाते. याला 'डिसरप्शन' म्हणतात. कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा बघता बघता लाखभर अंशांवर येतो. तुम्हा-आम्हाला लाख अंश म्हणजे अतितप्त वाटेल, पण प्लाझ्माच्या हिशेबात हे गारठणं आहे.

गारठलेल्या प्लाझ्माचा विद्युतरोध हजारो पटींनी वाढतो. मग एवढा मोठा प्रवाह टिकणार कसा? तो कोसळू लागतो. इथं शाळेतला फॅरेडेचा नियम कामाला लागतो. प्रवाह घटला की त्याचं चुंबकीय क्षेत्र घटतं, आणि घटणारं क्षेत्र तोच प्रवाह टिकवून धरण्यासाठी विद्युतदाब निर्माण करतं. यंत्र सुरळीत चालू असताना कंकणाच्या एका फेरीमागे एक व्होल्टही दाब नसतो. डिसरप्शनमध्ये तोच शेकडो व्होल्टपर्यंत जातो.

वेग वाढला की विरोध कमी

हवेतून जाणाऱ्या कुठल्याही वाहनाला वेग वाढवला की हवेचा विरोध वाढतो. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनचं नेमकं उलट आहे. त्याला अडवतात ते भोवतालचे विद्युतभारित कण, आणि तेही धडकून नव्हे, तर लांबून ओढून किंवा ढकलून. इलेक्ट्रॉन जितका जोरात शेजारून निघून जाईल, तितका कमी वेळ ही ओढ त्याच्यावर चालते. वेग दुप्पट झाला की अडवणूक साधारण पाव होते. म्हणजे एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडचे इलेक्ट्रॉन थोडे पळतात, अडखळतात, पुन्हा गर्दीत मिसळतात. उंबरठा ओलांडलेल्याला मात्र विद्युतक्षेत्राची ढकल अडवणुकीपेक्षा कायमच जास्त मिळत राहते. तो वेगवान होतो, म्हणून विरोध घटतो, म्हणून आणखी वेगवान होतो. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचेपर्यंत हे थांबत नाही.

ही कल्पना फ्यूजनच्याही आधीची आहे. वादळी ढगांमधल्या विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन असे सुटू शकतील, असं स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1925मध्येच मांडलं होतं. प्लाझ्माच्या बाबतीत हे गणित 1959च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ ड्रायसर यांनी नीट बसवलं.

इटरमधला हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. कंकणाच्या मध्यरेषेची त्रिज्या 6.2 मीटर, म्हणजे एक फेरी सुमारे 39 मीटरची. प्रकाशाच्या वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन सेकंदाला 77 लाख फेऱ्या मारेल. सेकंदाच्या शंभराव्या भागात 77 हजार फेऱ्या झाल्या. समजा फेरीमागे 300 व्होल्टची ढकल मिळाली, तर तेवढ्याच वेळात त्याची ऊर्जा दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली (एका व्होल्टच्या ढकलीनं इलेक्ट्रॉनला मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). रुग्णालयात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रांतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जाही या पातळीची असते. फरक इतकाच की तिथं किरणांची मात्रा काटेकोर मोजलेली असते.

एकाचे दोन, दोनाचे चार

आतापर्यंतचं वर्णन एका इलेक्ट्रॉनचं झालं. मोजके सुसाट इलेक्ट्रॉन भिंतीचं काहीच बिघडवू शकत नाहीत. खरी धास्ती त्यांच्या गुणाकाराची आहे. एखादा सुसाट इलेक्ट्रॉन मधूनच एखाद्या संथ इलेक्ट्रॉनला अगदी जवळून धडकतो आणि त्यालाही उंबरठ्यापलीकडे लोटतो. स्वतःजवळ इतकी ऊर्जा असते की धडकेनंतर तो स्वतःही पलीकडेच राहतो. आता दोन झाले. दोघांचे चार. भौतिकशास्त्रात याला हिमप्रपात म्हणतात.

हा प्रपात किती वाढेल हे यंत्राच्या प्रवाहावर ठरतं, आणि वाढही साध्या प्रमाणात होत नाही. ढोबळ हिशेबात दर एक मेगाअँपिअरमागे इलेक्ट्रॉनची संख्या साधारण दसपट होते. तीन मेगाअँपिअरच्या यंत्रात एका इलेक्ट्रॉनचे हजार होतील. 15 मेगाअँपिअरच्या इटरमध्ये एकावर पंधरा शून्यं इतके होतील. आजवरच्या कुठल्याही टोकामॅकचा अनुभव इटरला सरळ लागू करता येत नाही तो यामुळे. यंत्र पाचपट मोठं केलं तर संकट पाचपट होत नाही. ते वेगळ्याच जातीचं होतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

प्रपाताला सुरुवात करून द्यायला पहिला इलेक्ट्रॉन मिळू नये, अशी व्यवस्था करता येईल का? प्लाझ्मा फार झपाट्यानं गारठला की आधीचे काही तापलेले इलेक्ट्रॉन थंड व्हायला वेळच न मिळाल्यानं तसेच मागे उरतात. ते कमी करण्याचे उपाय तरी आहेत. पण वीजघरात इंधनच ट्रिटियम आहे. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि विघटन होताना 18.6 हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आपण होऊन बाहेर टाकतं. शिवाय फ्यूजनमधून सुटणाऱ्या न्यूट्रॉनच्या माऱ्यानं भिंत स्वतः किरणोत्सारी होते. तिच्यातून निघणारे गॅमा किरण प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनना धक्का देऊन वेगवान करतात. म्हणजे बी तिथं कायमच पडलेलं असणार. ते बंद करणारा खटका नाही. हायड्रोजनवर केलेल्या कितीही चाचण्यांत ही अडचण पूर्णपणे दिसणार नाही.

भिंतीच्या आत काय होतं

सर्वांत वाईट परिस्थितीत इटरमध्ये सुमारे 10 मेगाअँपिअर प्रवाह या सुसाट इलेक्ट्रॉनांच्या झोताकडे जाऊ शकतो. त्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं वजन किती असेल? आठावर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन, म्हणजे स्थिर असताना जेमतेम सात नॅनोग्रॅम. प्रत्येकाजवळ दीड कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट धरले, तर एकूण ऊर्जा 20 मेगाज्यूलच्या आसपास जाते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला अर्धा किलोही नसेल एवढा गॅस जाळला तरी तितकी ऊर्जा मिळते.

मग भीती कशाची? ती वेळेची आणि जागेची. गॅस तासभर जळतो. इथं तीच ऊर्जा काही मिलिसेकंदांत किंवा त्याहूनही कमी वेळात रिकामी होते. आणि इटरच्या सुमारे 600 चौरस मीटर भिंतीवर ती समान पसरत नाही. झोत चुंबकीय रेषांच्या वाटेनं येतो आणि जी टाइल शेजारणीपेक्षा थोडी जरी पुढे आली असेल, तिच्या कडेवर आदळतो. टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं, सर्व धातूंत सर्वांत उशिरा. तरीही 20 मेगाज्यूल पूर्ण एकाच जागी ओतले तर वीसेक किलो टंगस्टन वितळेल, असं त्याच्या उष्माधारकतेवरून निघतं. भरीस भर म्हणजे झोताच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा याच्या कितीतरी पट असते, आणि झोत मरता मरता तिचाही काही हिस्सा इलेक्ट्रॉनांना मिळू शकतो.

पण नुसत्या वितळण्यानं हा विषय संपत नाही. प्लाझ्माची नेहमीची उष्णता भिंतीच्या पृष्ठभागावर पडते आणि हळूहळू आत मुरते. तेव्हा पृष्ठभाग वितळला तरी वितळलेल्या पातळ थराचा आणि वाफेचा एक आडोसा तयार होतो आणि खालच्या धातूचा थोडाफार बचाव होतो. सुसाट इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर थांबतच नाही. एक कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सरळ घुसला तर टंगस्टनमध्ये तीनेक मिलिमीटर, आणि बेरिलियमसारख्या हलक्या धातूत दोन-तीन सेंटिमीटर वाट कापतो. भिंतीला तो बहुतेक वेळा अगदी तिरका, घासत येतो, त्यामुळे प्रत्यक्ष खोली कमी भरते. तरी उष्णता निर्माण होते ती धातूच्या पोटात.

भिंतीची रचना डोळ्यांपुढे आणा. सर्वांत आत, प्लाझ्माकडे, टंगस्टन किंवा बेरिलियमची टाइल. तिच्या मागे उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूचा थर. त्यात दाबाखालच्या थंड पाण्याच्या वाहिन्या. इटरच्या मूळ आराखड्यात बेरिलियमची टाइल सेंटिमीटरभर जाडीची होती. अशी टाइल भेदून इलेक्ट्रॉन मागच्या तांब्यापर्यंत पोचू शकतो. तांबं 1,085 अंशांना वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. वाहिनीतल्या पाण्याची वाफ झाली की थंडावा थांबतो आणि नळी फुटते. वरून टाइल बरी दिसत असेल आणि मागे सांधा सुटलेला असेल, असंही होऊ शकतं. निर्वात पोकळीत पाणी शिरणं म्हणजे यंत्र कितीतरी महिने बंद; किरणोत्सारामुळे माणूस आत जाऊ शकत नाही, सगळी दुरुस्ती लांबून चालवायच्या यांत्रिक हातांनी.

ही कल्पनेतली भीती नाही. कादाराश इथंच, इटरच्या शेजारच्या आवारात, तोर सुप्रा नावाचा टोकामॅक होता. 1990च्या दशकात तिथं सुसाट इलेक्ट्रॉन पाण्यानं थंड होणाऱ्या एका लिमिटरवर, म्हणजे प्लाझ्माची कड आखून देणाऱ्या भागावर आदळले, आणि पाण्याची गळती झाली. जेटमध्ये 2011पासून बेरिलियमची भिंत बसवल्यावर टाइलींच्या कडा वितळून थिजलेल्या दिसल्या. काळ्या ग्रॅफाइटचं वागणं अजून निराळं. ते वितळत नाही, ठिसूळ असतं. आतला भाग एकाएकी तापून फुगतो, वरचा थर त्याला वाट देत नाही, आणि तुकडा उडतो. अमेरिकेत सॅन डिएगोच्या डीथ्री-डी यंत्रात ग्रॅफाइटचा घुमटाकार नमुना मुद्दाम या झोतासमोर ठेवून ते फुटणं नोंदवलं गेलं आहे. उडालेला कण पुन्हा भिंतीवर आपटतो, धूळ होते, आणि धूळ पुढच्या प्लाझ्माला नासवते.

इथं सामग्री निवडण्यातला पेच दिसतो. हलका धातू घेतला तर इलेक्ट्रॉन खोल जातो, पण ऊर्जा जास्त जाडीत पसरते. जड टंगस्टन घेतला तर तो त्याला लवकर अडवतो, मागचं तांबं वाचण्याची शक्यता वाढते, पण तेवढ्याच ऊर्जेचा मारा पातळ थरावर येतो आणि तिथं धातू वितळून उसळतो. कुठल्याही धातूची जाडी वाढवून हे सुटत नाही, कारण जाड टाइलची नेहमीची उष्णता पाण्यापर्यंत पोचायला उशीर लागतो आणि तिचा पृष्ठभाग रोजच्या कामातच जास्त तापतो. म्हणून भिंत बळकट करण्याला मर्यादा आहे, झोतच तयार होऊ नये किंवा झाला तर त्याचा जोर मोडावा, यावर सगळी भिस्त आहे.

उपाय, आणि उपायांचे उपद्रव

इटरनं निवडलेला मुख्य उपाय म्हणजे गोठवलेल्या वायूच्या गोळ्या. हायड्रोजन आणि निऑन अतिशीत तापमानाला गोठवून सुमारे 28 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या तयार करायच्या, डिसरप्शनची चाहूल लागताच त्या वेगानं डागायच्या, आणि पोकळीत शिरण्याआधी वाकड्या नळीवर आपटून त्यांचा भुगा करायचा. भुगा प्लाझ्मात पसरला की निऑन उष्णतेचं प्रकाशात रूपांतर करतो आणि ती चौफेर फेकली जाते. भिंतीच्या एकाच जागेवर ताण येत नाही. हायड्रोजनमुळे इलेक्ट्रॉनांची गर्दी वाढते आणि उंबरठा वर जातो.

पण निऑन जास्त झाला तर प्लाझ्मा फार जलद गारठतो, विद्युतदाब वाढतो. शिवाय निऑनच्या अणूंना चिकटलेले इलेक्ट्रॉनही सुसाट इलेक्ट्रॉनला धडकायला उपलब्ध होतात, म्हणजे प्रपाताला खाद्यच मिळतं. कमी पडला तर उष्णता भिंतीवर जाते. प्रवाह फार हळू कोसळू दिला तर वेगळाच त्रास, फार झटक्यात कोसळला तर धातूच्या भांड्यावर चुंबकीय बळांचा मार. इटरला हे कोसळणं साधारण 50 ते 150 मिलिसेकंदांत बसवायचं आहे. अशी ही अरुंद फट आहे.

म्हणूनच जेट आणि डीथ्री-डीवर सापडलेली दुसरी पद्धत मला फार आशादायक वाटते. झोत तयार झालाच, तर त्यात भरपूर ड्युटेरियम किंवा हायड्रोजन सोडतात. झोताभोवतीचा थंड प्लाझ्मा आणखी गार होऊन पुन्हा साधा वायू होतो. पुढे झोत अस्थिर झाला की चुंबकीय रेषा एकाच वेळी इतक्या विस्कटतात की सगळे इलेक्ट्रॉन क्षणार्धात, भिंतीच्या खूप मोठ्या भागावर विखरून जातात, आणि नवा झोत उभा राहत नाही. जेटमधल्या जवळपास दशलक्ष अँपिअरच्या झोतांवर हे करून पाहिलं, तेव्हा अवरक्त कॅमेऱ्यांना भिंत तापल्याची लक्षणीय खूण दिसली नाही. 2021मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इटरच्या दसपट झोतालाही हे जमेल का, हा प्रश्न मात्र उरतोच. वायू गरजेपेक्षा जास्त झाला तर उपाय उलटतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पार्क यंत्रासाठी वेगळी युक्ती आखली आहे. पोकळीत मुद्दाम वेड्यावाकड्या आकाराची एक तारेची गुंडाळी. एरवी तिच्यात प्रवाह नसतो. डिसरप्शनमध्ये निर्माण होणारा विद्युतदाबच तिच्यात प्रवाह पाठवतो, तिचं क्षेत्र चुंबकीय रेषा विस्कटतं, आणि इलेक्ट्रॉन वेग घेण्याआधीच निसटून जातात. संकटाचीच शक्ती संकटाविरुद्ध वापरायची. कुणी बटण दाबायची गरज नाही.

भारतात हा अभ्यास गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत होतो. तिथला 'आदित्य' टोकामॅक 1989मध्ये सुरू झाला. त्याचा प्रवाह लाख-दीड लाख अँपिअरच्या घरातला, म्हणजे इटरच्या शंभराव्या भागाएवढा. पण सुसाट इलेक्ट्रॉन लहान यंत्रातही निघतात, आणि तिथं धाडसी प्रयोग करायला वाव असतो. आदित्यवर एका जागी उभं चुंबकीय क्षेत्र लावून हे इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचे प्रयोग झाले. इटरमध्ये भारत भागीदार आहे. त्याचं 3,850 टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे अख्खं यंत्र ज्यात बसतं ते निर्वात कवच, सुरतजवळच्या हजिऱ्यात तयार झालं. त्यामुळे भिंतीचा हा प्रश्न आपला नाही असं म्हणता येत नाही.

सगळ्याच फ्यूजन यंत्रांना ही चिंता नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेन्डेलस्टाइन 7-एक्ससारख्या, स्टेलरेटर जातीच्या यंत्रांमध्ये पीळ बाहेरच्या चुंबकांनीच दिलेला असतो. प्लाझ्मातून मेगाअँपिअर वाहवावे लागत नाहीत, म्हणून कोसळायला मोठा प्रवाहच नसतो.

2024मध्ये इटरनं आपला कार्यक्रम नव्यानं मांडला. बेरिलियमऐवजी टंगस्टनची भिंत ठरली, संशोधनाची सुरुवात 2034वर गेली, ड्युटेरियम-ट्रिटियमचं पूर्ण काम 2039पासून धरलं आहे. वर्तमानपत्रांनी उशीर आणि खर्च यांच्या बातम्या दिल्या, आणि ते स्वाभाविक होतं. पण त्याच आराखड्यात आणखी एक निर्णय आहे: पहिल्या टप्प्यात भिंतीला पाण्याच्या वाहिन्याच नसतील. टंगस्टनची तात्पुरती भिंत बसवायची, जी पाण्याविना, फक्त स्वतःच्या वस्तुमानावर उष्णता झेलेल. या टप्प्यात प्रवाह पायरीपायरीनं 15 मेगाअँपिअरकडे न्यायचा, दर पायरीवर डिसरप्शन ओळखायला आणि गोळ्या डागायला शिकायचं. झोत सुटलाच आणि टाइल वितळलीच, तर टाइल बदलता येईल. फुटायला नळी नसेल.